विंधनविहिरीचे मुख : पंप बसवताना राहून जाणारे काम

दख्खनच्या बेसॉल्ट खडकात विंधनविहीर घेतली की सर्वांचे लक्ष खोलीकडे असते. पंप खाली सोडला, पाणी वर आले की काम संपले असे मानून केसिंगच्या तोंडात पोत्याचा बोळा कोंबला जातो. पुढे त्याच तोंडाशी फवारणीची टाकी भरली जाते व तेथेच कीडनाशक कालवले जाते. म्हणूनच एका कीटकशास्त्रज्ञाला पंपाच्या जोडणीविषयी लिहावेसे वाटते.

पंपाची निवड अंदाजाने नव्हे, मोजमापाने व्हावी. उपसा चाचणी घेऊन पाण्याची स्थिर पातळी आणि उपसा चालू असताना उतरलेली पातळी, या दोन्ही नोंदवाव्यात. पंप उतरलेल्या पातळीच्या पुरेसा खाली, परंतु गाळ टाळण्यासाठी तळापासून काही मीटर वर असावा. सबमर्सिबल पंपात मोटर खाली व पाणी घेणारी जाळी तिच्या वर असते. मोटरीवरून वाहणारे पाणीच तिला थंड ठेवते. झरा पंपाच्या वरच्या भेगेतून येत असेल, तर पाणी मोटरीला न स्पर्शता जाळीत शिरते आणि मोटर तापते. अशा ठिकाणी मोटरीभोवती आवरण नळी बसवावी. केबलचा जोड जलरोधक करावा, केबल सुमारे दर ३ मीटरवर पाइपाला बांधावी आणि सुरक्षा दोर लावावा.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हकडे विशेष लक्ष द्यावे. पाइप वर काढताना हलका व्हावा म्हणून काही ठिकाणी या व्हॉल्व्हला मुद्दाम छिद्र पाडतात. मग पंप थांबताच पाइपातील पाणी मागे फिरते. नळीचे टोक टाकीतील द्रावणात बुडालेले असल्यास त्याबरोबर कीडनाशकही विहिरीत ओढले जाऊ शकते. व्हॉल्व्ह कसाही असो, नळीचे टोक द्रावणापासून वीतभर वरच ठेवावे.

आता मुखाविषयी. केसिंग व खडक यांमधील पोकळी सिमेंटने बंद करावी. मुले विंधनविहिरीत पडण्याच्या घटनांची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार केसिंगभोवती ०.५० × ०.५० × ०.६० मीटरचा सिमेंटचा ओटा हवा. त्याची निम्मी उंची जमिनीवर, निम्मी जमिनीखाली. केसिंगवर बोल्टने घट्ट बसणारे झाकण असावे. दुरुस्तीसाठी पंप काढला तरी मुख उघडे ठेवू नये. हाच ओटा मुलांचे रक्षण करतो आणि वाहून येणारे दूषित पाणीही रोखतो.

बेसॉल्टमध्ये पाणी भेगांतून वाहते. मातीच्या थरातून होणारे गाळण तेथे फारसे होत नाही. एका मुखातून आत गेलेले विष शेजारच्या पिण्याच्या विहिरीत उतरू शकते. त्यामुळे द्रावण विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या बाजूस तयार करावे. विस्तार कार्यकर्त्यांनी शेतभेटीत विहिरीच्या खोलीबरोबर तिचे मुखही पाहावे. पंप बिघडला तर बदलता येतो; भूजल एकदा दूषित झाले की ते शुद्ध करणे शेतकऱ्याच्या हाती उरत नाही.