रांगेत सोडलेले पत्ते

नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या स्क्रिप्टचा बहुतेक वेळ वाट बघण्यात जातो. पिंगचंच घ्या. अमेरिकेत मेरीलँडमधल्या लष्कराच्या बॅलिस्टिक प्रयोगशाळेत माईक म्युस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये तो लिहिला, नेटवर्कचं एक दुखणं शोधायला. पलीकडचं यंत्र जागं असेल तर उत्तर काही मिलिसेकंदांत येतं. बंद असेल तर बहुतेक वेळा काहीच येत नाही, आणि ‘काहीच येत नाही’ हे कळायला ठरलेली मुदत संपावीच लागते.

एका नेहमीच्या सबनेटमध्ये यंत्रांना देता येतील असे २५४ पत्ते असतात. मुदत एक सेकंदाची धरली आणि सगळेच गप्प असले, तर एकामागून एक तपासताना चार मिनिटांहून जास्त वेळ जातो. पन्नास थ्रेड लावले की तेच काम सहा सेकंदांच्या आसपास आटोपतं. नेहमीच्या पायथनमध्ये एका सामायिक कुलपामुळे एका वेळी एकच थ्रेड बाइटकोड चालवतो म्हणून पुष्कळजण थ्रेडकडे पाहून नाक मुरडतात. आकडेमोडीसाठी ते रास्तच आहे. पण उत्तराची वाट बघताना थ्रेड ते कुलूप सोडून देतो, त्यामुळे पन्नासही जण खुशाल एकाच वेळी ताटकळू शकतात.

तरी माझ्या मते खरी करामत थ्रेडची नाही, क्यूची आहे. आत एक साधी दुतोंडी यादी, एक कुलूप आणि त्याला जोडलेले तीन इशारे: ‘रिकामी नाही’, ‘भरलेली नाही’, ‘सगळं उरकलं’. मुख्य थ्रेड पत्ते रांगेत टाकतो, कामकरी थ्रेड एकेक उचलतात. रांग रिकामी असली तर थ्रेड झोपतो. ‘आलं का, आलं का’ विचारत प्रोसेसर जाळत बसत नाही. एकच पत्ता दोघांच्या हाती लागत नाही. वाटणीचा हिशेब कोणाला करावा लागत नाही. ज्याच्या वाट्याला मेलेला राउटर आला तो अडकतो, बाकीचे पुढे जातात.

मेख आहे ती शेवटच्या हिशेबात. पत्ता टाकला की क्यू बाकीचा आकडा एकाने वाढवते आणि ‘टास्क डन’ म्हटलं की एकाने कमी करते. ‘जॉइन’ तो शून्य होईपर्यंत थांबतं. समजा, एका पत्त्यात अक्षर चुकलं, मधेच एक्सेप्शन आली आणि थ्रेड ‘टास्क डन’ न म्हणताच गेला. आकडा एकावर अडकतो. पडद्यावर त्या चुकीचा मजकूर उमटून केव्हाच वर सरकलेला असतो, आणि स्क्रिप्ट सकाळपर्यंत तशीच उभी. म्हणून ‘टास्क डन’ची ओळ ‘फायनली’खालीच हवी, जाणते लोक ती आधी लिहितात, पिंग नंतर.

निकालांसाठी दुसरी क्यू ठेवावी आणि छापायला एकच थ्रेड. नाहीतर दोन यंत्रांच्या ओळी एकमेकींत घुसतात. मुदतीचा पर्यायही यंत्रागणिक बदलतो: लिनक्सच्या पिंगमध्ये मोठा डब्ल्यू सेकंद मोजतो, मॅकवर तोच मिलिसेकंद. लिनक्सवरची स्क्रिप्ट जशीच्या तशी मॅकवर नेली की दूरची, धडधाकट यंत्रंही मेलेली दिसू लागतात.

आणि थ्रेड किती? पाचशे लावायचा मोह होतो. पण बरेच राउटर पिंगला उत्तर देणं हे दुय्यम काम मानतात आणि ठरावीक वेगापलीकडे उत्तरं गाळतात. मग भडिमार आपणच करायचा आणि ‘लिंक पडली’ म्हणून रात्री दोनला कुणाला तरी फोन लावायचा. म्हणून गप्प राहिलेला पत्ता थोड्या वेळाने पुन्हा रांगेत सोडावा. दुसऱ्यांदाही तो गप्पच राहिला, तर फोन.