विषाणूच्या कणातली यजमान प्रथिने : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जनुकांचा छोटा संच आणि त्याभोवती प्रथिनांचे कवच, अशी विषाणूची ओळख पाठ्यपुस्तकातून होते. पण पेशीतून बाहेर पडणाऱ्या कणात त्या पेशीची, म्हणजे यजमानाची, प्रथिनेही असतात. एचआयव्हीच्या बाबतीत त्यांचा बारकाईने अभ्यास झाला आहे.

गैरसमज 1 : विषाणूच्या कणात फक्त त्याचीच प्रथिने असतात.

वस्तुस्थिती : एचआयव्ही बाहेर पडतो तोच पेशीच्या पटलाचा तुकडा पांघरून. त्यामुळे त्याच्या आवरणावर मानवी एचएलए प्रथिने सापडतात, आत ॲक्टिन आणि सायक्लोफिलिन-ए. असे आवरण नसलेला पॅपिलोमा विषाणूही याला अपवाद नाही. त्याचा सुमारे 8,000 बेस-जोड्यांचा डीएनए आपल्याच पेशीतल्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो.

गैरसमज 2 : ही प्रथिने चुकून आलेली; त्यांनी काही बिघडत नाही.

वस्तुस्थिती : एसआयव्ही हा एचआयव्हीचा माकडांतला नातलग. 1991 साली त्याच्यावरच्या प्रायोगिक लशीबद्दल एक चक्रावून टाकणारी गोष्ट समोर आली : लागण न झालेल्या नुसत्या मानवी पेशी टोचलेली काही माकडेही संसर्गातून वाचली होती. लस आणि नंतर मुद्दाम टोचलेला विषाणू, दोन्ही मानवी पेशींत वाढवलेले. माकडांच्या प्रतिकारशक्तीने ओळखली होती ती आवरणावरची मानवी प्रथिने! माकडांच्या पेशींत वाढवलेला विषाणू टोचल्यावर हे संरक्षण टिकले नाही.

गैरसमज 3 : कणात शिरलेले यजमान प्रथिन विषाणूला मदतच करते.

वस्तुस्थिती : एपोबेक-3-जी हे प्रथिन 2002 साली एचआयव्हीचा शत्रू म्हणून पुढे आले. ते कणात बसून पुढच्या पेशीपर्यंत जाते आणि तिथे विषाणूचा डीएनए तयार होत असताना त्यातल्या सायटोसिनचे युरासिल करून टाकते. जनुकांत इतक्या चुका होतात की विषाणू निकामी ठरतो. म्हणूनच एचआयव्ही ‘व्हीआयएफ’ नावाचे प्रथिन बाळगतो. ते एपोबेकला कणात शिरण्याआधीच पेशीच्या विघटन यंत्रणेकडे धाडते.

गैरसमज 4 : प्रथिन कणात सापडले, म्हणजे त्याचे काम कणातच.

वस्तुस्थिती : एचआयव्हीच्या कणात, कण घडवणाऱ्या दर दहा गॅग प्रथिनांमागे साधारण एक सायक्लोफिलिन-ए असते, हे 1994 साली दिसले. सायक्लोस्पोरिन हे औषध देऊन ते आत येऊ दिले नाही, की संसर्गक्षमता घटे. साहजिकच श्रेय कणातल्या प्रथिनाला मिळाले. पुढच्या दशकातल्या प्रयोगांनी मात्र दाखवले की खरा आधार देते ते नव्याने लागण होणाऱ्या पेशीतले सायक्लोफिलिन. तेच विषाणूच्या गाभ्याला चिकटून ट्रिम-5-अल्फा या संरक्षक प्रथिनापासून त्याला वाचवते.

हा निवाडा करायची रीत सरळ आहे. ते प्रथिन नसलेल्या पेशींत विषाणू तयार करायचा आणि ते असलेल्या पेशींना लावायचा. मग याच्या उलट करून पाहायचे. कणातल्या प्रथिनांची यादी कितीही लांबली, तरी कोणते प्रथिन कुठे कामाला येते हे अशा चाचणीशिवाय ठरत नाही.