समजून घ्या : तोफ डागल्यावर नळीत ओला बोळा का फिरवत? जंजिरा, कुलाब्याच्या तोफांना आज धोका कशाचा?

अलिबागचा कुलाबा किल्ला असो की मुरूडचा जंजिरा, पर्यटकांचे मोबाइल आधी तोफांकडे वळतात. जंजिऱ्याची कलाल बांगडी तर सगळ्यांच्या ओळखीची. मात्र एक गोळा सुटल्यानंतर दुसरा भरेपर्यंतचा वेळ गोलंदाजांसाठी सर्वांत धोक्याचा असे. कारण होतं, नळीत उरलेली काजळी.

नळीत नेमकं काय उरतं?

जुन्या काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असे. ती पेटल्यावर सगळ्या दारूचा वायू होत नाही. वजनाने निम्म्याहून अधिक भाग घन कणांच्या रूपात उरतो. त्यातले काही कण दाट पांढऱ्या धुरातून बाहेर पडतात, बाकीचे नळीला आतून चिकटतात.

ओला बोळा कशासाठी?

दारू अनेकदा कापडी पिशवीतून भरली जाई. त्या कापडाची धगधगती चिंधी आत राहिली आणि त्यावर नवी दारू पडली, तर तोफ भरणाऱ्याच्या हातातच स्फोट. म्हणून लांब दांड्याला मेंढीचं कातडं गुंडाळून, ते भिजवून नळीत फिरवत. युरोपीय तोफखान्यात त्या वेळी दुसरा गोलंदाज बत्ती देण्याचं छिद्र, म्हणजे तोफेचा कान, अंगठ्याने दाबून धरी. अंगठ्यावर चामड्याची टोपी असे. कान बंद राहिला की आत वारा खेळत नाही आणि ठिणगी फुलत नाही.

दुसरं कारण, काजळीचा थर वाढला की नळी अरुंद होते आणि गोळा मध्येच अडकतो. या काजळीत पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात. ते पाण्यात विरघळतात, म्हणून साधं पाणीही पुरे.

आजच्या रायफलला ही कटकट नाही?

आहे, पण कमी. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये धूरविरहित दारू तयार झाली आणि काजळी बरीच घटली. तरी रायफलच्या तोंडाशी बसवलेल्या मझल ब्रेकमध्ये कार्बन साचतोच. हा भाग वायू बाजूला वळवून खांद्याला बसणारा धक्का कमी करतो. त्याच्या खाचा कार्बनने भरत गेल्या, की तो परिणाम कमी होऊ शकतो. हा थर पाण्याने निघत नाही. त्यासाठी द्रावकात भिजवून ब्रशने घासावं लागतं.

समुद्रकाठी प्रश्न वाढतो का?

हो. काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढून घेते. किनाऱ्यावर त्यात खारी हवा मिसळली, की लोखंड झपाट्याने गंजतं. कुलाबा किल्ल्यावरच्या चाकांच्या दोन तोफा इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्यात १८४९ मध्ये ओतलेल्या. आता त्यांत दारू भरली जात नाही, खारा वारा मात्र बारा महिने आहे. मिठातलं क्लोराइड ओतीव लोखंडाच्या सूक्ष्म भेगांत शिरतं आणि वरून रंग दिला तरी आतून पापुद्रे सुटत राहतात. म्हणूनच समुद्रतळातून काढलेल्या तोफा संवर्धन प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने अल्कधर्मी द्रावणात ठेवून आधी मीठ बाहेर काढतात.

मग आपणच घासून साफ केल्या तर?

नको. ॲसिड, ग्राइंडर किंवा तारेच्या ब्रशने गंजासोबत तोफेवरची अक्षरं आणि शिक्केही जातात. तीच तिची ओळख. जंजिरा आणि कुलाबा ही दोन्ही केंद्र सरकारची संरक्षित स्मारकं आहेत. १९५८ च्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. काम करायचंच असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची परवानगी आणि तज्ज्ञांची देखरेख हवी.

पर्यटक काय करू शकतात?

तोफेवर चढू नका, नाव कोरू नका आणि नळीत बाटल्या किंवा वेफर्सची पाकिटं टाकू नका. आत अडकलेला कचरा पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि नळी आतून गंजत जाते.