दहावीच्या पाठातील मूलपेशी : नेवाशाच्या अभ्यासवर्गात काय शिकवावे?

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान’ हा पाठ आहे. त्यात मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, शिकवल्या जातात. व्याख्या आणि चार उपयोग पाठ केले की मार्क मिळतात. पण हा विषय परीक्षेपुरता सोडून देण्यासारखा नाही. नेवासा तालुक्यात विहारातून, वस्तीतून अभ्यासवर्ग घेणाऱ्या तरुणांसाठी आम्ही हे लिहीत आहोत.

सुरुवात उसापासून करावी. भेंडे, सोनई भागातल्या मुलांना बेण्याचा डोळा दाखवावा लागत नाही. त्या एवढ्याशा डोळ्यातून मुळे, कांडी, पाने असा सगळा ऊस उभा राहतो, कारण तिथल्या काही पेशींचे काम अजून ठरलेले नसते. आपल्या शरीरातही अशा पेशी असतात. त्या स्वतःसारख्या नव्या पेशी तयार करतात आणि गरजेप्रमाणे ठरावीक कामाच्या पेशीही बनतात. लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवसच जगते. तरी रक्त संपत नाही, कारण हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत मूलपेशींचे काम अखंड चालू असते.

गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या मूलपेशी शरीरातील कोणतीही पेशी बनू शकतात. १९९८ मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी त्या प्रयोगशाळेत वाढवल्या. पण त्यासाठी भ्रूण नष्ट करावा लागतो. पंचशील मानणाऱ्या मुलांच्या मनात इथे प्रश्न येईल, तो दाबू नये. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या पेशींना पुन्हा मूलपेशींसारखे बनवले, पुढच्या वर्षी माणसाच्या पेशींनाही. त्यांना २०१२ चे नोबेल मिळाले.

आज खात्रीचा उपयोग कुठे आहे? मुख्यतः रक्ताच्या आजारांत. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, सिकलसेल अशा आजारांत निवडक रुग्णांची बिघडलेली मज्जा औषधांनी नष्ट करतात आणि निरोगी दात्याच्या मूलपेशी शिरेतून देतात. उपचार खर्चिक व जोखमीचा आहे, पण त्याने रुग्ण बरे होतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्येच असे प्रत्यारोपण केले होते. विदर्भात आदिवासींबरोबर बौद्ध समाजातही सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे.

अडचण दात्याची असते. दाता व रुग्ण यांचे ‘एचएलए’ नावाचे पेशींवरील ओळखचिन्ह जुळावे लागते. सख्ख्या भावंडाशी ते पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. बाहेरचा दाता शोधताना तो आपल्याच समूहात सापडण्याची शक्यता जास्त असते, कारण पिढ्यान्‌पिढ्या लग्ने जातीतच होत आली. जातीचे मूळ सजातीय विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात दाखवले होते. त्याच बंदिस्तपणाचा परिणाम आज रुग्णालयात दिसतो. जगभरच्या दाता नोंदणीत चार कोटींहून अधिक नावे आहेत, भारतातील मात्र काही लाखच. त्यात आपले तरुण नसतील, तर आपल्या रुग्णाला दाता मिळणे अवघड.

नोंदणी १८ वर्षांनंतर करता येते. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात. पुढे कुणाशी जुळले, तर बहुतेक वेळा काही दिवस इंजेक्शने देऊन रक्तातूनच मूलपेशी वेगळ्या करतात. त्यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही. मात्र घरी बोलून, पक्के ठरवूनच नाव द्यावे. ऐनवेळी दात्याने माघार घेतली, तर मज्जा नष्ट केलेल्या रुग्णाच्या जिवावर बेतते.

दुसरी बाजूही त्याच तासाला सांगावी. ऑटिझम, मधुमेह, लकवा, गुडघेदुखी यांवर ‘स्टेम सेल थेरपी’ विकणाऱ्या जाहिराती असतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपयोग सोडले, तर बाकी सर्व वापर मंजूर चाचणीतच होऊ शकतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. बाळाच्या नाळेतील रक्त स्वतःसाठी खासगी बँकेत ठेवण्याचीही परिषद शिफारस करत नाही. थॅलेसेमियासारखा आनुवंशिक दोष असेल, तर तो त्या रक्तातही असतोच.

म्हणून मुलांना दोन प्रश्न विचारायला शिकवू या : हा उपचार सिद्ध आहे की चाचणीत आहे? आणि चाचणीत असेल, तर पैसे कशाचे मागता? एखाद्या घरातली जमीन किंवा दागिने एवढ्या दोन प्रश्नांनी वाचू शकतात.