मिसिंग आणि टॅपेटचा आवाज

पेट्रोल इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटले नाही, की इंजिन ‘मिसिंग’ करते. उभी गाडी थरथरते, अलिबागजवळच्या कार्ले खिंडीच्या चढावर पिकअप तुटतो, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. स्कॅनरवरचा पी०३०१ हा कोड पहिला सिलिंडर दाखवतो, पी०३०२ दुसरा. कोड सिलिंडर सांगतो, कारण नाही. कारण शोधण्यासाठी त्या सिलिंडरची संशयित इग्निशन कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर बसवून पाहावी. दोष तिच्याबरोबर सरकला तर कॉइल खराब. नाहीतर प्लग, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन तपासावे. अलिबाग-मुरूड-श्रीवर्धन पट्ट्यात वापरलेल्या एसयूव्हीचे मात्र आधी कनेक्टर उघडावेत. खाऱ्या, दमट हवेने पिनांवर हिरवट थर चढतो आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात नवी कॉइल विनाकारण पडते. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लगच नसतो. तिथे पहिला संशय इंजेक्टरवर.

टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या वरच्या भागातून, हलकी येते. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरत असल्याने तिची लयही संथ असते. खालून येणारी जड ठकठक बेअरिंगची असू शकते, आणि ते काम महागडे. थंड इंजिन सुरू करताच काही सेकंद टिकटिक होऊन थांबली, तर बहुधा हायड्रॉलिक लिफ्टरमधले ऑइल निथळलेले असते. गरम झाल्यावरही राहिली, तर ऑइलची पातळी, दाब आणि मग टॅपेटची फट पाहावी. फट फारच कमी असेल, तर व्हॉल्व्ह गुपचूप जळतो. आवाज नसणे म्हणजे निर्दोष नव्हे. वापरलेली गाडी विकत घेताना विक्रेत्याने इंजिन आधीच गरम करून ठेवले असेल, तर ते पूर्ण थंड झाल्यावरच गाडी पुन्हा पाहावी.