तज्ज्ञ म्हणजे नेमकी कोण?



मागच्या महिन्यात प्रभागसंघाने प्रत्येक ग्रामसंघाकडे एक फॉर्म पाठवला होता. प्रशिक्षण द्यायला दर वेळी बाहेरून माणूस बोलवायचा, त्याच्या गाडीभाड्याला आणि मानधनाला पैसे घालायचे, त्यापेक्षा आपल्यातल्याच बायका निवडू, असा त्यामागचा विचार. फॉर्मात चौथा रकाना होता, 'आपण कोणत्या विषयात तज्ज्ञ आहात?'

माझ्याकडे ३१ फॉर्म परत आले. २४ जणींचा चौथा रकाना कोरा. तिघींनी 'स्वयंपाक' लिहून परत खोडलं होतं. एकीने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'काही नाही'. आणि ज्या बाईने हे लिहिलं तिच्याकडे लग्नसराईत चार गावांतून पापडाचं पीठ मळून न्यायला बायका येतात!

कोरे फॉर्म बघून आधी मला तुमचाच राग आला. मग घरी जाताना बसमध्ये स्वतःचा आला. कारण 'तज्ज्ञ' म्हणजे प्रमाणपत्रवाली, हे तुमच्या डोक्यात घालणाऱ्यांत मी पण एक आहे. गळ्यात ओळखपत्र अडकवून, बॅगेत माहितीपत्रकं घेऊन मीच तर गावोगाव फिरते.

एक प्रसंग सांगते. आजवर कुणाला सांगितला नव्हता. नोकरीचं माझं पहिलंच वर्ष. एका गटातल्या ताईने अंतर्गत कर्ज काढून शेळी घेतली होती. पावसाळ्याचे दिवस, संध्याकाळची बैठक संपत आलेली, आणि ताई घाबरीघुबरी आली. "मॅडम, शेळीचं पोट फुगलंय, काय करू?" मी शेळी बघितलीही नाही. पत्रकात होतं तेवढं सांगितलं, 'जनावर आजारी पडल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे.' म्हटलं, सकाळी घेऊन जा. सकाळपर्यंत शेळी राहिली नाही. कर्जाचे हप्ते मात्र पुढे नऊ महिने चालले.

त्याच गल्लीत एक आक्का राहतात. पंचवीस-तीस वर्षं शेळ्या सांभाळलेल्या. त्या रात्री त्यांना कुणी हाक मारली नाही, कारण 'मॅडम आहेत ना'. दुसऱ्या दिवशी आक्कांनी मला दोनच प्रश्न विचारले. "डावी कूस फुगली होती का गं? आणि रवंथ कधीपासून बंद होता?" मला दोन्हीचं उत्तर देता येईना. मग त्यांनी समजावून सांगितलं. शेळीने ओला लसूणघास भरपेट खाल्ला की पोटात गॅस धरतो, डावी कूस ढोलासारखी ताणते आणि मग हातात सकाळ नसते, दोन-चार तास असतात. तिला बसू द्यायचं नाही, पुढचे पाय उंचावर येतील अशी उभी धरायची आणि त्याच घटकेला डॉक्टरला बोलवायचं. "औषध माझ्याकडं नव्हतंच पोरी," आक्का म्हणाल्या, "पण घाई किती करायची ते मला ठावं होतं."

हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मला शेळीबद्दल थोडंथोडं सगळं माहीत होतं, म्हणजे जाती, लसी, अनुदानाची योजना. आक्कांना लसीचं इंग्रजी नाव येत नाही. पण समोरच्या दहा खुणांमधली आत्ता महत्त्वाची कोणती, हे त्यांना दारातूनच कळतं. आणि आपला हात कुठे थांबतो, डॉक्टरचा कुठे सुरू होतो, हेही. माझ्या मते तज्ज्ञपण ते हेच.

तुम्ही म्हणाल, शेळीपुरतं ठीक आहे, माणसाच्या जिवाचं काय? तर आपल्याच राज्यातली, गडचिरोलीची गोष्ट बघा. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था तिथे काम करते. १९८०च्या दशकाच्या शेवटी त्या भागात कितीतरी लहान मुलं न्यूमोनियाने जायची आणि दवाखाना लांब. न्यूमोनिया ओळखायची एक साधी खूण आहे, ती म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर धोका. पण गावातल्या कितीतरी सुईणींना साठपर्यंत मोजताच येत नव्हतं. मग काय, सुईणींना बाद करायचं? नाही केलं. त्यांच्यासाठी एक साधं श्वासमापक तयार केलं, एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत मण्यांच्या रांगा. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याशी पोचलात तर न्यूमोनिया समजायचा, औषध सुरू करायचं.

पुढे १९९०च्या दशकात ३९ गावांमध्ये पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. वजन करणं, अंग गार पडलंय का बघणं, अंगावर पाजायला मदत करणं, जंतुसंसर्गाच्या खुणा ओळखणं आणि गरज पडली तर इंजेक्शन देणंसुद्धा. खेड्यातली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार, हे तेव्हा अनेकांना पटणारं नव्हतं. पण आधी त्या गावांत हजारी ६२ नवजात बाळं दगावत होती, ती तिसऱ्या वर्षी २५-२६ वर आली. १९९९ साली 'लॅन्सेट' या जगभरच्या डॉक्टरांच्या साप्ताहिकात हे छापून आलं. आज आपल्या गावात आशाताई बाळाच्या जन्मानंतर ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते (बाळंतपण घरी झालं असेल तर सात वेळा), त्याचं मूळ या कामात आहे. तिला 'चहा घेऊन जा' म्हणून लगेच वाटेला लावू नका, बाळ नीट बघू द्या.

त्या बायका काही बालरोगतज्ज्ञ झाल्या नव्हत्या. बाळाचे सगळेच आजार कळण्याची त्यांच्याकडून अपेक्षाच नव्हती. ठराविक खुणा, त्याच पुन्हा पुन्हा बघायच्या, प्रत्येक बाळाची नोंद ठेवायची आणि ती नोंद डॉक्टर येऊन तपासायचे.

हे तपासणं फार महत्त्वाचं आहे, कारण आपण बऱ्याचदा 'अनुभव' एवढाच शब्द धरून बसतो. नुसती वर्षं गेली म्हणून कुणी तज्ज्ञ होत नाही. एका गटाचं उदाहरण देते, नाव सांगत नाही. त्यांची लेखनिका आठ वर्षं दप्तर लिहिते. अक्षर मोत्यासारखं. त्यांच्या ठरावात लिहिलंय, कर्जावर महिना २ टक्के व्याज, शिल्लक रकमेवर. पण बाई व्याज लावत होती मूळ रकमेवर. आता हिशेब बघा. दहा हजारांचं कर्ज, महिन्याला हजार मुद्दल फेडायचं. मूळ रकमेवर धरलं तर दर महिन्याला २०० रुपये, दहा महिन्यांत २,००० रुपये व्याज. शिल्लक रकमेवर धरलं तर पहिल्या महिन्यात २००, मग १८०, मग १६०, असं उतरत जाऊन एकूण १,१०० रुपये. एका कर्जामागे ९०० रुपयांचा फरक! आठ वर्षांत कुणीही विचारलं नाही, कारण 'तिला सगळं येतं'. विचारलं ते नवीन आलेल्या एका सुनबाईने, तेही लाजत लाजत. लेखनिका दोन दिवस रुसली. तिसऱ्या दिवशी सगळी दप्तरं काढून बसली, कुणाचे किती परत द्यायचे त्याची यादी तिने स्वतः केली आणि मासिक बैठकीत वाचून दाखवली. आज हिशेबासाठी कुणाला पाठवायचं असेल तर मी हिलाच पाठवीन. आठ वर्षांपेक्षा त्या तिसऱ्या दिवसामुळे.

याच्या उलट माणूसही आपण बघतो. बाजाराच्या दिवशी एकच बाटली म्हशीच्या दुधाला, कोंबडीच्या मरीला आणि पिकाच्या करप्याला चालते म्हणून विकणारा. त्याला एवढंच विचारा, "दादा, हे कशाला चालत नाही?" खऱ्या जाणकाराकडे याचं उत्तर तयार असतं. आक्का लगेच सांगतील. पापडवाली ताई सांगेल, आभाळ भरून आलं असलं तर आज पीठ मळू नका म्हणून. बाटलीवाला मात्र म्हणेल, सगळ्याला चालतं. हाच प्रश्न तुम्ही मलाही विचारत जा. प्रशिक्षणात मी सांगितलं म्हणून ते खरं, असं नको.

फॉर्मचा चौथा रकाना आता आम्ही बदललाय. 'तज्ज्ञ' हा शब्दच काढून टाकला. त्याजागी तीन प्रश्न आहेत. गावातल्या बायका तुमच्याकडे काय विचारायला येतात? त्या कामात तुमचं कधी काय चुकलं आणि नंतर तुम्ही काय बदललं? आणि कोणती गोष्ट आली की तुम्ही दुसऱ्याकडे पाठवता? लिहिता येत नसेल तर सीआरपी ताईला तोंडी सांगा, ती लिहून घेईल. निवड झालेल्या बाईला बाहेरच्या प्रशिक्षकाला देतो तेवढंच मानधन मिळणार आहे, हा ठराव प्रभागसंघाच्या बैठकीत झालाय. पुढच्या ग्रामसंघ बैठकीला फॉर्म घेऊन या.

पहिला फॉर्म आक्कांचा आला. त्यांनी सांगितला, मी लिहून घेतला. पहिल्या प्रश्नाला त्या म्हणाल्या, "लिही, शेळी." दुसऱ्याला बराच वेळ गप्प बसल्या, मग एका करडाची गोष्ट सांगितली, ती त्यांच्या परवानगीशिवाय इथे देत नाही. तिसऱ्याला म्हणाल्या, "डोळ्याचं दुखणं मला कळत नाही. आणि शेळी अडली, पिल्लू आडवं असलं, तर मी हात घालत नाही, डॉक्टरला फोन लावते." मग अंगठा उठवला आणि विचारलं, "एवढं सांगितलं तर घेतील का गं मला?"