व्हिएतनामला जाताय? आधी तिथी बघा!

व्हिएतनामचं तिकीट काढताना आपण हवामान बघतो, हॉटेलांचे दर बघतो. खाण्यावर मनापासून प्रेम असेल तर आणखी एक गोष्ट बघाच: तिथी. तिथले ऑफिस-शाळेचे व्यवहार इंग्रजी तारखेने चालतात, पण सण आणि सणाचं ताट ठरतं चांद्र पंचांगावर. सौर वर्षाशी मेळ घालायला अधूनमधून अधिक महिनासुद्धा येतो!

शाकाहारी मंडळींनी तर हे पंचांग खिशातच ठेवावं. तिथे महिना अमावस्येला सुरू होतो. त्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला अनेक बौद्ध घरांत मांसाहार वर्ज्य असतो. ह्वे या जुन्या राजधानीत त्या दिवशी मश्रूम, टोफू आणि भाज्यांची रेलचेल असते. एरवी मात्र साध्या भाजीतही माशाचा सॉस असू शकतो, म्हणून ‘कोम चाय’, म्हणजे शाकाहारी जेवण, अशी पाटी शोधा.

सगळ्यात मोठा सण तेत, म्हणजे नववर्ष. जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीतरी येतो. त्याची चाहूल लागते स्वयंपाकघरात. बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी चुलीचे देव कार्प माशावर बसून स्वर्गात जातात आणि घराचा वर्षभराचा अहवाल देतात, अशी श्रद्धा आहे. त्यांच्या वाहनाची सोय म्हणून लोक जिवंत मासे तळ्यात, नदीत सोडतात. हनोईच्या लाँग बियन पुलावर तेव्हा तरुण स्वयंसेवक फलक घेऊन विनवतात: मासे सोडा, प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत.

मग शिजतो बान्ह चुंग. चिकट तांदूळ, मूगडाळ आणि डुकराचं मांस हिरव्या पानांत चौकोनी बांधायचं आणि दहा-बारा तास उकळायचं. रात्रभर चुलीपाशी घरातली माणसं गप्पा मारत जागतात. दंतकथा अशी, की राजाने मुलांना सर्वांत मोलाचा नैवेद्य आणायला सांगितलं. भावांनी दुर्मीळ पदार्थ शोधले, तर गरीब राजपुत्र लांग लियेवने तांदळाचे दोन पदार्थ केले: पृथ्वीसाठी चौकोनी, आकाशासाठी गोल. राज्य त्यालाच मिळालं. दक्षिणेत बान्ह चुंगचाच ऐवज नळकांडीच्या आकारात बांधतात. फुलंही वेगळी: उत्तरेत गुलाबी पीच, दक्षिणेत पिवळी माय.

प्रवाशाने गाठावा तो सणाआधीचा आठवडा. फुलांचे बाजार, खरेदी, धावपळ, सगळं तेव्हाच दिसतं. प्रत्यक्ष तेतला घरगुती खाणावळी बंद असतात. आणि पहिल्या सकाळी कुणाच्या दारात बिनबोलावता जाऊ नका. वर्षातल्या पहिल्या पाहुण्याच्या पायगुणावर घराचं नशीब अवलंबून असतं, असं मानतात. त्या दिवशी केरही काढत नाहीत. भाग्य झाडलं जाईल ना!

तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेला उत्तरेत बान्ह चोई करतात: तांदळाच्या पिठाची गोळी, आत गुळाचा खडा. उकडीच्या मोदकाचं हे चिमुकलं भावंडच. पाचव्या महिन्याच्या पंचमीला सकाळी उपाशीपोटी आंबवलेला गोडसर चिकट भात आणि आंबट फळं खातात. पोटातले किडे मरतात, ही समजूत. आठव्या महिन्याची पौर्णिमा मुलांची: चांदणीच्या आकाराचे कंदील, सिंहनृत्य आणि मूनकेक.

होई आनला जाणार असाल तर चांद्र महिन्याची चतुर्दशी साधा. जुन्या गावातले विजेचे दिवे मंदावतात, नदीत कागदी दिवे सोडतात. तिथेच काव लाव खा. या जाड शेवया परंपरेने गावातल्या बा ले विहिरीच्या पाण्यात करतात.

तिथी कुठलीही असो, हनोईत अंड्याची कॉफी प्याच. 1946 साली दुधाची टंचाई होती, तेव्हा न्युएन वान झांग यांनी फेटलेला अंड्याचा पिवळा बलक वापरून ती बनवली. कडू रोबस्टा कॉफीवर दाट, गोड फेस. वास अजिबात येत नाही!

माझा सर्वांत आवडता सण मात्र पर्यटकांच्या यादीत क्वचितच दिसतो. फान रांगजवळ पो क्लाँग गाराय राजाच्या विटांच्या मंदिरात हिंदू चाम लोक काते साजरा करतात. देवाची वस्त्रं डोंगरातले रागलाय लोक सांभाळतात आणि सणाला वाजतगाजत आणून देतात. राजाचा चेहरा कोरलेल्या शिवलिंगाला स्नान घालून ती नेसवतात. गिनांग ढोल आणि सरनाई वाजत असते. गोमांसाच्या फो या शेवयांच्या सूपसाठी नावाजलेल्या देशात हे चाम गोमांस खात नाहीत. मंदिरातला सोहळा झाला की सण गावात आणि मग घराघरांत जातो. तारीख चामांच्या स्वतःच्या पंचांगावर ठरते. बहुधा ऑक्टोबरच्या आसपास येते, पण पक्की विचारूनच बुकिंग करा.